हेमांगी आणि झटके येणारी चिलटं

हेमांगी नाखवा आमच्या प्रयोगशाळेत आली ती स्वयंपाक करायला.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. खिडकी उघडी असली की खोपटच्या डेपोतले एसटीचे हॉर्न वर्गात ऐकू येतात, इतकं आमचं कॉलेज त्या डेपोच्या जवळ आहे. आठेक वर्षांपूर्वी विभागाच्या मागच्या खोलीत मी फळमाश्या पाळायला सुरुवात केली. केळी दोन दिवस जास्त राहिली की त्यांच्याभोवती जी बारीक चिलटं जमतात, त्याच या माश्या. दहा-बारा दिवसांत अंड्यापासून पूर्ण माशी तयार होते, बोटभर काचेच्या नळीत शंभर माश्या सुखाने नांदतात, आणि माणसाला आजार देणारे जे जीन्स आहेत त्यांतल्या बऱ्याचशांची भावंडं त्यांच्यातही सापडतात. म्हणून जगभर त्यांच्यावर अभ्यास चालतो.

पण पाळायच्या म्हणजे खायला घालणं आलं. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि चायना ग्रास एकत्र शिजवायचं, थोडं निवल्यावर बुरशी येऊ नये म्हणून उग्र वासाचं एक आम्ल घालायचं, आणि ती खळ एकेका नळीच्या तळाशी ओतायची. पहिलं वर्षभर हे काम मी आणि विद्यार्थी करायचो. दर दुसऱ्या खेपेला गुठळ्या व्हायच्या, नाहीतर तळाला लागायचं. शेवटी मी प्रिन्सिपॉलांकडे माणूस मागितला, तेव्हा त्यांनी ग्रंथालयात काम करणाऱ्या हेमांगीला माझ्याकडे पाठवलं.

ती तेव्हा चाळिशीला आलेली. चेंदणी कोळीवाड्यात राहणारी, बारावी झालेली, नवरा चांगदेव खोपटच्या डेपोतच मेकॅनिक. पहिल्याच दिवशी तिने पातेल्यातली खळ ढवळली, बोटावर घेतली आणि मी ओरडायच्या आत चाटून बघितली.

"मीठ नाय घालत, मॅडम?"

"अहो, माश्यांसाठी आहे ते!"

"हां, पण त्यांना तरी चव नको?"

गुठळ्या त्या दिवसापासून बंद झाल्या आणि प्रश्न सुरू झाले. नराची शेपटी काळी का? चिलटं झोपतात का? अंडी घातल्यावर आई पोरांकडे बघते का? झोपतात, असं मी सांगितलं, तर आठवड्याभरानं तिनेच येऊन मला सांगितलं, "मॅडम, दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या नळ्या गप्प असतात. माझ्या सासूसारख्या दुपारी आडव्या होतात त्या." दुपारच्या वेळी या माश्या सुस्तावतात हे खरं आहे, पुस्तकात आहे. तिने पुस्तक पाहिलेलं नव्हतं.

मग एकदा बंगळुरूहून माश्यांचं नवीन पार्सल आलं. माझा पीएचडीचा विद्यार्थी ऋतुराज याने ते मागवलं होतं. हा मुलगा विठ्ठलवाडीचा, हुशार, थोडा उतावळा. अपस्मार, म्हणजे ज्याला आपण फिट येणं म्हणतो, तो काही घराण्यांत रक्तातून का उतरतो, हा त्याचा विषय. मेंदूतल्या पेशींच्या भिंतीला अतिशय बारीक दारं असतात. त्यांतून सोडियम आत शिरतं आणि विजेचा संदेश पुढे सरकतो. नव्या माश्यांमध्ये हे दार बनवणाऱ्या जीनमध्ये एक छोटासा बदल होता, त्यामुळे दार हवं तसं बंद होत नसे.

हेमांगीला यातलं काही ठाऊक नव्हतं. माश्या जुन्या नळीतून नव्या नळीत घालायच्या तर आधी नळी टेबलावर हलकेच ठोकतात, म्हणजे माश्या तळाशी पडतात. एरवी त्या क्षणात उठून वर चढू लागतात. या पडल्या त्या पडल्याच.

"मॅडम! मी मारली सगळी!"

मी धावत गेले. "मेली नाहीत. बघत राहा."

माश्या पाठीवर पडल्या होत्या. पाय थरथरत होते, पंख जागच्या जागी गुणगुणत होते. मग सगळं थांबलं. त्या निपचित पडल्या. मिनिटभराने पुन्हा एक लाट आली, पाय आखडले, सुटले. आणि मग एकेक माशी सरळ झाली, मागच्या पायांनी तिने पंख झटकले आणि काही झालंच नाही अशी काचेवर चढू लागली.

"फिट आली होती त्यांना," मी हसत म्हणाले.

हेमांगी हसली नाही. तिने नळी स्टँडमध्ये ठेवली आणि भांडी घासायला निघून गेली. त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या टेबलासमोर बसली आणि म्हणाली, "माझ्या संचिताला येते."

संचिता तिची एकुलती एक मुलगी, तेव्हा सोळा वर्षांची. तिसऱ्या वर्षी ताप चढला आणि पहिला झटका आला. मग तापाबरोबर यायचा, कधी कढत पाण्याने अंघोळ घातली तरी यायचा, आणि नंतर नंतर कसलंही निमित्त लागेना. अकरा वर्षांची असताना नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या रांगेत ती कोसळली. आजूबाजूच्या बायकांना वाटलं, अंगात आलं. कुणीतरी तिच्या कपाळाला मळवट भरला. एक म्हातारी वाकून तिच्या पायाशी गेली आणि म्हणाली, "आई, माझ्या लेकाला नोकरी लागंल का?"

"मी ओरडत होते, बाजूला व्हा, तिला कुशीवर करू द्या. कोण ऐकतंय! माझी पोर जमिनीवर, तोंडाला फेस, आणि लोक पाया पडतायत. काल ती चिलटं बघितली ना मॅडम, अगदी तसंच. आधी थरथर, मग गप, मग परत एकदा, मग उठून बसायचं. ह्यांना बघून कुणी देवी म्हणलं नसतं."

नंतर मी विचारलं, की या कामावरून तुम्हाला बदली हवी का, रोज हे बघणं जड जाईल. ती जवळजवळ रागावली. "नाय नाय. मला बघायचंय. घरी ती पडली की मी कधी नीट बघूच शकत नाय."

पुढच्या महिन्यात ऋतुराजचे आकडे बिघडले. त्याचा प्रयोग सोपा होता. दहा माश्या रिकाम्या नळीत घ्यायच्या, यंत्रावर दहा सेकंद जोरात हलवायच्या, किती पडतात ते मोजायचं. एखाद्या दिवशी दहातल्या नऊ पडायच्या, दुसऱ्या दिवशी तीन. असं कसं चालेल? माश्या त्याच, यंत्र तेच.

"जेवणात काहीतरी होतंय मॅडम," ऋतुराज म्हणाला. "ताई रोज अंदाजाने शिजवतात." हेमांगी तिथेच होती. तिने मक्याचं पीठ वजनकाट्यावर मोजून दाखवलं, पण तो बधला नाही. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

हेमांगी वाद घालत बसली नाही. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत बारीक अक्षरात वेळा लिहायला सुरुवात केली. दोन आठवड्यांनी ते कॅलेंडर खिळ्यावरून काढून तिने माझ्यापुढे ठेवलं.

"मी नळ्या बदलते ती वेळ ही. ह्याने टेस्ट केली ती वेळ ही. मी बदलल्या-बदलल्या लगेच जर ह्याने टेस्ट केली, तर कमी पडतात. उशिरा केली तर सगळ्या पडतात."

"मग?"

"मी बदलताना ठोकते ना नळी. तेव्हाच त्यांना येऊन जाते. आणि एकदा येऊन गेली की लगेच नाय येत. संचिताचं तसंच आहे. मोठी आली की दोन दिवस पोर शांत असते."

ऋतुराज कॅलेंडरकडे बघत राहिला. मग उठला, तीन नळ्या घेऊन टेबलावर ठोकल्या, माश्या पडल्या, उठल्या. पहिल्या नळीतल्या त्याने लगेच यंत्रावर हलवल्या. दहातली एक पडली. पाच मिनिटांनी दुसऱ्या नळीतल्या हलवल्या, दोन. अर्ध्या तासाने तिसऱ्या नळीतल्या. नऊ.

"ताई, सॉरी हां," तो म्हणाला. "मी उगाच तुमच्यावर घातलं."

"राहू दे रे. पण ह्यापुढे टेस्ट करायच्या आधी मला विचारत जा, मी ठोकलंय का."

मला कबूल केलं पाहिजे, की झटक्यानंतरची ही शांत वेळ कित्येक दशकांपूर्वीच नोंदली गेलेली आहे. मी ते वाचलंही होतं आणि विसरले होते. ऋतुराजने वाचलंच नव्हतं. हेमांगीने ते घरी जमिनीवर बसून तेरा वर्षं पाहिलं होतं.

तिथून पुढे मी तिला भांड्यांपुरती ठेवूच शकले नाही. सूक्ष्मदर्शकाखाली नर-मादी वेगळ्या करायला शिकवलं. नुकत्याच कोषातून निघालेल्या, फिकट अंगाच्या माद्या ओळखायला शिकवलं, कारण त्यांची अजून कुठल्या नराशी गाठ पडलेली नसते आणि संकर करायचा तर त्याच लागतात. कोळंबी सोलणाऱ्या बोटांना ते बारीक काम अवघड गेलं नाही. महिन्याभरात ती ऋतुराजपेक्षा भरभर निवडू लागली.

एका संकरात आम्ही झटक्याच्या माद्या आणि निरोगी नर एकत्र ठेवले. पिल्लं मोठी झाल्यावर हेमांगीने ती हलवून बघितली. नर सगळे पडले, कारण नराला हा जीन फक्त आईकडूनच मिळतो. माद्यांमध्ये मात्र काही पडल्या, काही सरळ वर चढल्या. तिने पडलेल्या आणि चढलेल्या वेगवेगळ्या नळ्यांत घातल्या, तास गेल्यावर पुन्हा हलवल्या. तेच.

"ह्या दोघी बहिणी ना?" ती दोन नळ्या उजेडात धरून म्हणाली. "आई तीच, बाप तोच, जेवण तेच. तो बदल हिच्यात आहे आणि तिच्यात नाय?"

"दोघींतही आहे. यांच्या आईकडून प्रत्येकीला मिळालेलाच आहे."

"मग हिला का नाय येत?"

"त्याचं पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही अजून. बापाकडून आलेला चांगला जीन काहींना पुरतो, काहींना पुरत नाही. बाकीच्या जीन्सचाही हात असेल."

तिने दोन्ही नळ्या पुन्हा उजेडात फिरवल्या. "म्हणजे माणसातपण असं असू शकतं? अंगात आहे, पण कधी आलीच नाय, म्हणून कुणाला माहीतच नाय?"

"असू शकतं."

तेव्हा तिने मला सासूबद्दल सांगितलं. हौसाबाई सत्तरीच्या, अजूनही रोज सकाळी बाजारात सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या, तोंडाच्या फटकळ, नातीवर जीव टाकणाऱ्या. पण संचिताला पहिला झटका आला त्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद: आमच्या घराण्यात असलं काही नाही, हे सुनेच्या माहेरातून आलं. हळदीत, बारशात, पाहुण्यांपुढे. हेमांगीने ते मानलंही होतं. दुसरं काही सांगणारं कुणी नव्हतंच.

मी तिला वंशावळ काढायला शिकवली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असेल तर आत काळं. पुढच्या दोन महिन्यांत तिच्या माहेरची एक हळद आणि एक साखरपुडा झाला. दोन्हीकडे ती कागद घेऊन फिरली. मावश्या, आत्या, चुलते, आजोबांची भावंडं. कुणाला ताप आल्यावर काही व्हायचं का? कुणी लहानपणी गेलं का, कशाने? काही जण हसले, एका आत्याने हाकलून दिलं. पण कागद भरला. अठ्ठेचाळीस माणसं आणि एकही काळी खूण नाही.

"माहेर कोरं निघालं," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता, नवल होतं.

सासरच्या बाजूला हौसाबाईंनी तिला दोन वाक्यांत उडवून लावलं होतं.

त्याच सुमाराला ऋतुराजने माश्यांना औषधं द्यायला सुरुवात केली. अपस्मारावर माणसांना देतात तीच औषधं खळीत मिसळायची आणि झटके कमी होतात का ते बघायचं. खळ हेमांगीच शिजवणार. एका बाटलीवरचं नाव तिने अडखळत मोठ्याने वाचलं आणि थबकली. संचिताच्या गोळ्यांच्या पाकिटामागे बारीक अक्षरात हेच नाव होतं. तिने ते औषध चमचाभर पाण्यात विरघळवलं, खळीत घातलं, ढवळलं. त्या पंधरा दिवसांत ती त्या नळ्यांकडे इतकी जायची की मला कळलं होतं काहीतरी आहे, पण काय ते कळलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी माश्या हलवल्या. औषध घेतलेल्या पहिल्यासारख्याच पडल्या. फरक शून्य.

"मॅडम," ती म्हणाली, "संचिताला हेच चालू आहे. आठ वर्षं. महिन्यातून चार-पाच वेळा येतेच तिला. बंद करू का?"

मी तिला समोर बसवलं. "हे बघा, गोळीला हातसुद्धा लावायचा नाही. ती एकाएकी बंद केली तर झटका थांबतच नाही असं होऊ शकतं, जीव जातो. आणि या माश्यांवरून संचिताचं काही ठरत नाही. संचिताला कुठल्या जीनमुळे येते हेच आपल्याला माहीत नाही. यांच्यात दार बंद होत नाही. माणसात तेच दार नीट उघडत नाही असंही असतं. एकाला लागू पडेल ते दुसऱ्याला पडत नाही, कधी उलटंही होतं."

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मग कुणाला विचारू?"

"तिच्या डॉक्टरांना. हे औषध तिच्या प्रकाराला बरोबर आहे हे कशावरून ठरवलं, असं विचारा."

ती तसंच विचारून आली. मेंदूविकाराचे डॉक्टर तरुण होते, संचिताची फाइल त्यांच्याकडे वर्षभरापूर्वीच आली होती. त्यांनी जुने कागद उलटले. पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं: घरात इतर कुणाला त्रास नाही.

"हे कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सासूबाईंनी. तेव्हा त्याच बरोबर आलेल्या."

डॉक्टर म्हणाले, की हे खरं असेल तर उपचार जसे चाललेत तसे चालू ठेवू. पण घराण्यात आणखी कुणाला, विशेषतः लहानपणी तापात, झटके येत असतील तर तो वेगळा प्रकार असू शकतो, आणि त्या प्रकारात ही गोळी कधीकधी त्रास वाढवते. तसं असलं तर ते जीनची तपासणी करून घेतील. "नीट विचारून या," ते म्हणाले.

घरी जाऊन हेमांगीने विचारलं नाही. विचारलं संचिताने. हेमांगीने मला ते दुसऱ्या दिवशी सांगितलं.

संध्याकाळची वेळ. हौसाबाई ओसरीवर बसून सुकटातला कचरा निवडत होत्या. संचिता त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "आजी, तुला लहानपणी ताप आला की काय व्हायचं?"

"काय व्हायचा? ताप यायचा."

"झटके यायचे?"

हौसाबाईंचा हात सुपात तसाच राहिला. हेमांगी दारात उभी होती. चांगदेव आत मोबाईल बघत होता, तोही थांबला.

"आजी, डॉक्टर बोलले, मला कुठली गोळी द्यायची ते त्याच्यावर आहे."

हौसाबाई सुपाकडेच बघत म्हणाल्या, "मना व्हायचा. ताप आयला का मी काठीसारखी ताठ व्हायची. डोले फिरायचं. आयुस मना उचलून मिठागराच्या पाण्यान बसवायची." आयुस म्हणजे आई; त्यांचं माहेर दिवा गावाच्या बाजूला, खाडीकाठी. "सा-सात वरसांची होईपावत व्हायचा. मंग गेला. माजा धाकटा भाव तीन वरसांचा होता, तो त्याच्यानच गेला. आयुस बोलली, कुनाला बोलू नको, नायतर तुना कोन करंल."

हौसाबाईंनी मान वर करून दाराकडे, हेमांगीकडे बघितलं.

"मना वाटला, ते माज्याबरोबर संपला," हौसाबाई म्हणाल्या. आता त्या रडत होत्या. "तुजी पोर पडली तवा मी घाबरली. तुज्यावर घातला, म्हंजे माज्यावर येनार नाय."

"तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" असं मी हेमांगीला विचारलं. मला वाटलं ती सुटले म्हणेल, किंवा चिडले म्हणेल.

"काय सांगू मॅडम, पहिला प्रश्न तोंडातून काय आला माहितीये? मी विचारलं, 'किती वेळ राहायची तुम्हाला?' त्यांना काय ते सांगता येईना. मग विचारलं, 'आणि उठल्यावर झोप यायची?' तर हो म्हणाल्या." ती ओशाळून हसली. "राग नंतर आला. सकाळी. चहा गाळताना एकदम आला. तेरा वर्षं ऐकलंय मी. आज बोलले नाय त्यांच्याशी."

तो अबोला बावीस दिवस चालला. त्या घरात तेवढे दिवस निरोप संचितामार्फत जात होते. तो कसा मोडला हे हेमांगीने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण वंशावळीच्या कागदावर सासरच्या बाजूला दोन काळ्या खुणा आल्या, एक गोल आणि एक चौकोन, आणि चौकोनाखाली तिने लिहिलं, 'वय तीन'. नाव हौसाबाईंनी सांगितलं होतं: कान्हा.

डॉक्टरांनी तो कागद बघून विचारलं, "हे कुणी काढलं?" मग संचिताचं रक्त घेतलं, चांगदेव आणि हेमांगीचंही. अहवाल यायला दीड महिना लागला. सोडियमचं दार बनवणाऱ्या एका जीनमध्ये बदल निघाला. आमच्या माश्यांतल्या जीनचाच तो माणसातला भाऊबंद, बिघाड मात्र वेगळ्या जातीचा. तो संचितात होता, हेमांगीत नव्हता. चांगदेवमध्ये होता, आणि चांगदेवला उभ्या आयुष्यात एकदाही झटका आलेला नाही.

तो अहवाल घेऊन तो माझ्याकडे स्वतः आला, डेपोतला निळा शर्ट अंगात तसाच. "मॅडम, मी तर कधी पडलो नाय," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. हेमांगीने त्याला आतल्या खोलीत नेलं, त्या दोन बहिणींच्या वंशातल्या नळ्या काढल्या आणि हलवून दाखवल्या. तो वाकून बघत होता आणि ती समजावत होती. मी बाहेरच थांबले. मला त्यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

डॉक्टरांनी जुनी गोळी दोन महिने घेऊन हळूहळू कमी केली आणि दुसरी सुरू केली. संचिताचे झटके पूर्ण थांबलेले नाहीत. पण महिन्याला चार-पाच होते तिथे गेल्या आठ महिन्यांत दोन आले आहेत. ती अकरावीला कॉमर्सला गेली आहे. तिच्या पिशवीत आता एक कागद असतो, झटका आला तर काय करावं आणि काय करू नये ते लिहिलेला. वर्गातल्या मैत्रिणींना तिने तो स्वतः वाचून दाखवला. कांदा नाकाला लावू नका, तोंडात चमचा घालू नका, कुशीवर करा, वेळ बघा. यातले शब्द हेमांगीचे आहेत.

आमच्या माश्यांनी संचिताला बरं केलं, असं कुणी म्हणालं तर मी त्याला थांबवते. औषध डॉक्टरांनी बदललं, तपासणी माणसाच्या रक्ताची झाली. हौसाबाईंना चिलटं बघायला बोलावलं तर त्या म्हणाल्या, "बाजारान काय कमी हायत?" आणि आल्या नाहीत.

संचिता आली, गेल्या महिन्यात, परीक्षा संपल्यावर. उंच, आजीसारखी रुंद कपाळाची मुलगी. आईने तिला स्टुलावर बसवलं, सूक्ष्मदर्शक डोळ्याच्या उंचीला आणून दिला. ऋतुराजने नळी ठोकली. मी माश्यांकडे बघत नव्हते, संचिताकडे बघत होते. ती हलली नाही. माश्या थरथरल्या, गप्प झाल्या, पुन्हा आखडल्या आणि उठल्या, तोवर तिने डोळा काढला नाही.

"मी अशी दिसते?" तिने विचारलं.

"जवळपास," हेमांगी म्हणाली.

"यांना आधी कळतं का?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"मला येण्याआधी तोंडात लोखंडासारखी चव येते. दरवेळी नाही, पण येते. मग मी खाली बसते. यांना तसं काही होतं का पडायच्या आधी?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "माशीला विचारता येत नाही."

"बघता येईल की," हेमांगी म्हणाली. "आपण इतकं जोरात ठोकतो की लगेच पडतात, मग बघणार काय? हळू ठोकलं तर?"

सोमवारपासून ती आणि ऋतुराज हळू ठोकतायत, आणि मोबाईल सूक्ष्मदर्शकाला लावून चित्रण करतायत. आत्तापर्यंत एक्केचाळीस माश्या झाल्या. त्यांतल्या तेरा जणी पडायच्या आधी एक पुढचा पाय उचलून क्षणभर हवेत धरतात. बाकीच्या तसं काही करत नाहीत. ऋतुराज म्हणतो, निरोगी माश्यासुद्धा पाय उचलतात, यात काही नाही. हेमांगी म्हणते, पाय उचलणं वेगळं आणि धरून ठेवणं वेगळं, तू आधी शंभर होऊ दे. मी दोघांचंही ऐकलं आणि निरोगी माश्यांचीही तशीच चित्रणं करायला सांगितली. आज सकाळी तिने त्यांच्यासाठी तशीच आणखी खळ शिजायला ठेवली आहे.